दोष पावसाचा नव्हे, जोडणीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इमारतींच्या गच्चीवर दाटलेल्या डिशविषयी आपल्या दैनिकात मध्यंतरी वाचकांची काही पत्रे येऊन गेली. इमारत विद्रूप दिसते, हा बहुतेकांचा आक्षेप रास्तच आहे. पण मूळ प्रश्न दिसण्याचा कमी आणि जोडणीचा अधिक आहे, असे मी अनुभवावरून सांगू शकतो. एकाच डिशवर घरातले चार किंवा इमारतीतले चोवीस टीव्ही स्वतंत्रपणे चालवण्याची सोय मल्टिस्विच नावाच्या पेटीमुळे कितीतरी वर्षांपासून उपलब्ध आहे. तरीही आपल्याकडे दुसरा टीव्ही आला की एक तर गच्चीवर दुसरी डिश उभी राहते, नाही तर केबलच्या मध्ये तिचे दोन फाटे करणारा एक स्वस्तातला स्प्लिटर अडकवून वेळ मारून नेली जाते.

आमच्या घरी दुसरा प्रकार झाला. दिवाणखान्यात एक आणि आईच्या खोलीत एक असे दोन टीव्ही, दोन सेट टॉप बॉक्स आणि दोन्हींची वर्गणी रीतसर भरलेली. जोडणीला आलेल्या मुलाने दोन तोंडांचा स्प्लिटर लावला, दोन्ही पडद्यांवर चित्र दाखवले, कागदावर सही घेतली आणि तो गेला. संध्याकाळी आईची मालिका चालू असताना बाहेर कोणी तरी क्रिकेटचा सामना लावला, आणि आईच्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी आली. सामन्याचे चॅनल बदलले की मालिका परत हजर. पुढचे तीन आठवडे तक्रारीला उत्तर एकच मिळत होते, ‘काका, पाऊस आहे ना!’ पाऊस होता हे खरे, जुलै महिना होता; पण सामना लागला की नेमकी मालिका बंद पाडणारा पाऊस मी तरी पाहिलेला नाही. आयुष्यभर दूरध्वनीच्या तारांचे काम केलेले असल्याने शेवटी मीटर घेऊन स्वतःच बसलो. दोन्ही बॉक्सच्या केबल सोडवून वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा दिवाणखान्यातला बॉक्स केबलवर १८ व्होल्ट सोडत होता आणि आईच्या खोलीतला १३.

इथेच सगळे रहस्य आहे. उपग्रहाकडून येणारे केयू बँडचे (डिश टीव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींच्या पट्ट्यातले) प्रक्षेपण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ इतक्या पट्ट्यात, आणि तेही उभ्या व आडव्या अशा दोन ध्रुवणांत, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांत, येऊ शकते. डिशच्या समोर बसवलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल टिपणारी छोटी डबी, ते खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात केबलवर घालतो. म्हणजे एकेका ध्रुवणाचा २,०५० मेगाहर्ट्झ रुंदीचा माल १,२०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या बोळातून न्यायचा आहे, आणि तो एका खेपेत जाणे शक्य नाही. म्हणून त्याचे चार वाटे केलेले असतात: उभ्याचा खालचा व वरचा, आडव्याचा खालचा व वरचा. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की उभे ध्रुवण मिळते, १८ दिले की आडवे. सोबत २२ किलोहर्ट्झचा सूर धाडला तर वरचा पट्टा, न धाडला तर खालचा. एकाच तोंडाचा एलएनबी एका वेळी एकच मागणी पुरवू शकतो. स्प्लिटरमधून दोन बॉक्स एकदम मागू लागले की ज्याचे व्होल्ट जास्त त्याचे चालते, आणि दुसऱ्याने मागितलेला वाटा केबलवर येतच नाही. आमच्या घरी सामना आडव्यावर होता आणि मालिका उभ्यावर. गंमत म्हणजे आमचा बॉक्स रिमोटने बंद केला तरी व्होल्ट सोडतच राहतो. आईला यातले काही ठाऊक नव्हते, पण मालिकेच्या वेळी दिवाणखान्यातला प्लगच काढून ठेवायचा, हा उपाय तिने माझ्या आधी शोधून काढला होता.

मल्टिस्विच हे भांडण मिटवतो. त्याला जो एलएनबी लागतो त्याचे नाव क्वाट्रो. त्याच्या चार तोंडांतून चारही वाटे सतत, कोणी मागो न मागो, बाहेर पडत असतात. त्या चार केबल मल्टिस्विचमध्ये आणायच्या. मग त्याच्या दर आउटपुटला लागलेला बॉक्स जे व्होल्ट आणि जो सूर देईल त्याप्रमाणे त्याला हवा तो वाटा मिळतो आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘५ बाय ८’ असे लिहिलेल्या पेटीत चार इनपुट उपग्रहाचे, पाचवे साध्या अँटेनाचे आणि आउटपुट आठ असतात. दूरदर्शनची जमिनीवरील अॅनालॉग प्रक्षेपणे बहुतेक ठिकाणी बंद झाल्याने ते पाचवे तोंड आपल्याकडे रिकामेच राहते.

घोटाळा होतो तो खरेदीच्या वेळी. दुकानात ‘चार आउटपुटचा एलएनबी द्या’ म्हटले तर हातात बहुधा क्वाड पडतो. तो बाहेरून क्वाट्रोसारखाच दिसतो, पण निवड करणारा स्विच त्याच्या पोटातच असतो आणि त्याचे प्रत्येक तोंड एका बॉक्ससाठी असते. घरात चारपर्यंत टीव्ही असतील तर खुशाल क्वाड घ्यावा, दोनच असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि मल्टिस्विचच्या वाटेला जाऊ नये. तो खर्च उगाच होईल. मात्र क्वाड चालतो असे स्पष्ट लिहिलेले नसलेल्या मल्टिस्विचला तो जोडला, तर काही चॅनल दिसतात आणि काही जन्मात दिसत नाहीत. क्वाट्रोच्या चार केबलची आपसांत अदलाबदल झाली तरी हेच होते. गच्चीवर असतानाच प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप गुंडाळली, तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

घरात जमले म्हणून सोसायटीच्या सभेत हा विषय मी मांडला. पहिला आक्षेप असा आला की ही वर्गणी बुडवण्याची युक्ती आहे. तसे मुळीच नाही. मल्टिस्विच फक्त सिग्नल वाटतो. प्रत्येक बॉक्स वेगळा सुरू करून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. त्याच घरातल्या दुसऱ्या व पुढच्या टीव्हीसाठी नेटवर्क क्षमता शुल्क (चॅनल घरापर्यंत पोचवण्याचे मासिक भाडे) पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने २०२० मध्ये ठरवले होते. त्या शुल्काची कमाल मर्यादाच २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरा होता. एक डिश एकाच दिशेला पाहते. डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेकडील जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, टाटा प्ले ८३ अंशांवर, एअरटेल १०८.२ अंशांवर. इमारतीत तीन सेवांचे ग्राहक असतील तर डिशही तीन लागणार आणि मल्टिस्विचही तीन. आमच्याकडे तसेच झाले. तरी चोवीस डिशच्या जागी तीन हा हिशेब सभेला पटला.

काम करताना लक्षात आलेल्या एक-दोन गोष्टी सांगतो. आरजी-६ केबलमध्ये पट्ट्याच्या वरच्या टोकाला १०० मीटरमागे सुमारे ३० डेसिबल सिग्नल गळतो, त्यामुळे पेटी गच्चीच्या जिन्यात ठेवली आणि खालचे मजले लांब पडले की तळमजल्याची तक्रार ठरलेली; मधल्या मजल्यावर दुसरी पेटी साखळीने जोडणे बरे. न वापरलेल्या आउटपुटवर ७५ ओहमची टोपी बसवावी. कनेक्टर हाताने पिळून बसवायचा नको, दाबून बसवायचा घ्यावा, आणि एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळून कनेक्टरमध्ये न शिरता झोळाच्या टोकावरून गळून पडते. डिशचा खांब इमारतीच्या अर्थिंगला जोडणे तर आमच्याकडचा वळवाचा गडगडाट ऐकलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. एक उणीवही कबूल केली पाहिजे: मल्टिस्विचला वीज लागते आणि ती सोसायटीच्या मीटरवरून येते. जिन्यातला फ्यूज उडाला की त्या पेटीवरचे सगळे टीव्ही एकदम बंद होतात, आणि फोन सचिवाला येतात.

सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे माझी मागणी एवढीच आहे की दुसरा बॉक्स विकताना कोणता एलएनबी बसवला, त्याला किती तोंडे आहेत आणि केबलमध्ये स्प्लिटर घातला आहे की नाही, हे ग्राहकाच्या पावतीवर लिहावे. वास्तुविशारद आणि बिल्डर मंडळींना विनंती अशी की पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या टाकता, त्याच वेळी गच्चीपासून प्रत्येक मजल्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक दिवाणखान्यापर्यंत एक रिकामी इंची नळी, आत ओढायची दोरी घालून, सोडून द्यावी. आमच्या इमारतीत ती नसल्यामुळे सगळ्या केबल सांडपाण्याच्या डक्टमधून उतरवाव्या लागल्या, आणि प्लंबर कामाला आला की आधी आमच्या केबल कापतो आणि मग विचारायला दार वाजवतो.

आपला,
एक सोसायटी सभासद
डोंबिवली (पूर्व)