सुर्लच्या सड्यावर भेटलेल्या गुराखी काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

श्रावणातल्या त्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी आपला निरोप घेऊन निघालो, तेव्हा मी हात जोडले खरे, पण तोंडातून नीट शब्द फुटला नाही आणि आपले नाव विचारायचेही राहून गेले. म्हणून हे पत्र असे सर्वांसमोर लिहीत आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला कोणी वाचक ते आपल्याला वाचून दाखवील, अशी आशा आहे.

केरीहून चोर्ला घाट चढून आम्ही सकाळी आठ वाजता सुर्लला पोहोचलो होतो. आभाळ भरलेले होते, पण पाऊस नव्हता. सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या कातळपठाराच्या, दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे आणि जेवणवेळेला परतायचे, असा बेत होता. पहिले दोन तास फार आनंदात गेले. जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे दाटून फुलली होती आणि दवबिंदू नावाच्या रोपट्याच्या तांबूस पानांवर चिकट थेंब चमकत होते. या मातीत कस इतका कमी असतो की दोन्ही वनस्पती बारीक जीव पकडून आपली गरज भागवतात, हे मी गुडघ्यांवर बसून मैत्रिणीला दाखवत होते. ती सड्यावर पहिल्यांदाच आली होती आणि माझ्या भरवशावर आली होती. पुढे जे घडले त्यात ही एक गोष्ट माझ्या मनावरून क्षणभरही हलली नाही.

साडेदहाच्या सुमारास दरीतून धुके वर आले आणि पाठोपाठ वाऱ्यासकट पाऊस आला. पाहता पाहता दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. सड्यावर ना झाड, ना उंचवटा; गुरांच्या पाऊलवाटा मात्र इतक्या की प्रत्येक वाट खरीच वाटावी. मोबाईलला रेंज नव्हती. तासाभराहून अधिक आम्ही फिरत राहिलो. वाट चुकल्यास वाहत्या पाण्याबरोबर खाली उतरावे म्हणजे वस्ती लागते, असे मी कधीतरी वाचले होते, म्हणून एक ओहोळ धरून मी पुढे आणि मैत्रीण मागे अशा आम्ही चालू लागलो.

त्याच वेळी धुक्यातून आपली हाक आली : "उदका फाटल्यान वचूं नाकात!" (पाण्यामागून जाऊ नका!)

काका, ते चार शब्द मी जन्मभर विसरणार नाही. सड्यावरचे पाणी वस्तीकडे जात नाही, ते कड्याकडे जाते आणि तिथून थेट दरीत कोसळते, हे आपण काठी पुढे करून दाखवलेत, तेव्हा कुठे वाऱ्याच्या आवाजाखाली दडलेला व्हझर, म्हणजे धबधबा, मला ऐकू आला. तो फार लांब नव्हता.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि ती माझ्या लक्षातही आली नव्हती. मैत्रीण आधी थंडीने कुडकुडत होती, नंतर ते थांबले होते आणि ती गप्प झाली होती. तिला आता बरे वाटत असावे, असे मी समजले होते. आपण मात्र तिच्याकडे एकदाच पाहिलेत, तिचे अडखळते पाऊल आणि जड झालेली जीभ ओळखलीत आणि अंगावरची घोंगडी काढून तिच्या डोक्यावरून पांघरलीत. गोव्यात थंडीने जिवावर बेतू शकते, हे आम्हा शहरातल्या लोकांना खरेच वाटत नाही. पण भिजलेले सुती कपडे आणि त्यावर सतत वारा असला की पावसाळ्यातही शरीर आतून थंड होत जाते आणि कुडकुडणे आपोआप थांबणे हे तर अधिकच वाईट लक्षण असते. हे मला नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितले.

परतीच्या वाटेवर आपण फारसे बोलला नाहीत. पावसाळी वारा पश्चिमेचा, तो डाव्या कानावर राहू द्यायचा, एवढेच सांगितलेत आणि मैत्रिणीचा हात धरून चालत राहिलात. घरी काकींनी तिचे ओले कपडे उतरवून तिला आपले कोरडे लुगडे नेसवले, उबेला बसवले आणि गूळ घातलेला कोरा चहा घोटाघोटाने पाजला. शेजारच्या कोणीतरी मायेपोटीच थोडी फेणी आणली होती. ती आपण नम्रपणे परत पाठवलीत. दारूने अंग तापल्यासारखे वाटते, पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली ऊब बाहेर जाते, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितले. आपल्याला ते कोणी शिकवले, हे विचारायची माझी फार इच्छा आहे. तासाभराने मैत्रीण स्वतःच्या हाताने उकड्या तांदळाची पेज आणि मिठातल्या कैरीची फोड खाऊ लागली, तेव्हा मला रडू आवरले नाही आणि काकींनी काही न बोलता माझ्याही पुढे वाडगा ठेवला.

आपण पैसे घेतले नाहीत, रागावलाही नाहीत. आमच्यासाठी आपण गुरे तशीच धुक्यात सोडून आला होतात, हे मला घरी पोहोचल्यावर कळले. संध्याकाळी ती आपापली परतू लागली, तेव्हा आपण दारात उभे राहून मोजत होतात. एक बांडी पाडी कमी होती. आम्ही निघालो तेव्हाही आपली नजर सड्याकडेच होती आणि तरीही आपण आम्हाला रस्त्यापर्यंत पोहोचवायला आलात.

मैत्रीण आता पूर्ण बरी आहे. आपण परत घेतली नाहीत ती घोंगडी तिने सावलीत वाळवून नीट घडी घालून ठेवली आहे. चतुर्थीच्या आधी आम्ही दोघी, या वेळी तिच्या आईला बरोबर घेऊन, ती द्यायला येत आहोत. सड्यावर जाणार नाही, थेट आपल्या घरी येऊ. ती पाडी परतली का, हे मी दारातच विचारणार आहे.

काकींना साष्टांग नमस्कार.

आपली कृतज्ञ,
फोंड्याहून आलेल्या दोघींपैकी एक