गोरखचिंचेखालच्या मावशींचे आभार

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ साली सुरू झालेले मुलांचे संग्रहालय पाहायला मी दोन्ही लेकरांना घेऊन एकटीच गेले होते. तेथील गोरखचिंचेच्या झाडाजवळ तीन वर्षांच्या मुलाला अचानक उलटी झाली आणि त्याला सावरेपर्यंत सहा वर्षांची लेक नजरेआड गेली. तेव्हा सफाईचे काम करणाऱ्या एका मावशींनी हातातला झाडू तसाच टाकून लेकीला शोधून आणले, मुलाचे तोंड स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने धुतले आणि पदराच्या कोरड्या टोकाने हलकेच टिपले, अगदी कानामागेसुद्धा. पुसताना त्या त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या, म्हणून तो रडायचा थांबला. गडबडीत त्यांचे नाव विचारायचे राहिले. मावशी, तुमचे मनापासून आभार.