उतार कोणत्या बाजूने आहे ते कळव

प्रिय मनू,

मंगळवारी तू फोन ठेवलास. आपटलास म्हणत नाही, हल्लीचे फोन आपटता येत नाहीत. पण "आई, तुला तेवढंच सुचतं" असं म्हणून ठेवलास. म्हणून या पत्रात घोट्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. तू विचारलं होतंस तेवढंच सांगते: तुम्ही बसवताय तो ‘ला बायादेर’ या बॅलेतला शेड्सचा, म्हणजे सावल्यांचा, अंक येतो कुठून, त्या बायका कोण, आणि त्या उतारावरून एकेक करत का येतात. तुम्हाला मोजणी शिकवली, रांगा शिकवल्या आणि गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही, याचं नवल वाटलं.

गोष्ट अशी. देवळात नाचणारी निकिया आणि योद्धा सोलोर. दोघांनी पवित्र अग्नीसमोर शपथ घेतलेली. देवळाच्या मुख्य ब्राह्मणाचाही निकियावर डोळा आहे. इकडे गोवळकोंड्याचा राजा आपल्या मुलीचं, गमझात्तीचं, लग्न सोलोरशी ठरवतो आणि सोलोरच्या तोंडून नकार निघत नाही. साखरपुड्यात नाचायला बोलावतात ती निकियालाच. नाचताना तिला फुलांची परडी देतात, परडीत साप. साप चावल्यावर ब्राह्मण उतारा पुढे करतो: माझी हो, जगशील. ती सोलोरकडे बघते, तो गमझात्तीबरोबर असतो. ती उतारा घेत नाही आणि मरते. मग सोलोर अफू ओढतो आणि त्या धुंदीत त्याला एक निकिया नाही, निकियांची रांगच दिसायला लागते. त्या तुम्ही.

हा बॅले नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाने सेंट पीटर्सबर्गला 1877 च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा केलं, संगीत लुडविग मिंकुसचं. त्या वेळी सावल्यांचा अंक लख्ख उजेडातल्या आकाशमहालात होता. 1900 साली पेतिपाने तो पुन्हा बसवला तेव्हा उजेड काढून टाकला, अंधारातली हिमालयाची शिखरं आणली आणि मुलींची संख्या 48 केली. तुमचा उतार म्हणजे तो डोंगर. आज मोठ्या कंपन्या 32 किंवा 24 जणी घेतात. 24 मध्ये तू तिसरी. हे मी आजीला सांगितलं, आजीने शेजारच्या काकूंना सांगितलं, आता सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे की आपली मनू डोंगरावरून तिसरी उतरते.

तिसरी म्हणजे काय ते आजीला कळलेलं नाही, मला कळतं. पहिली जेवढ्या आराबेस्क करते (एका पायावर उभं राहून दुसरा मागे लांबवायचा) तेवढ्या दुसरी कोणीच करत नाही, आणि चोविसावीच्या वाट्याला सगळ्यात कमी येतात. तिसरीचा हिशेब पहिलीच्या जवळचा. आणि ही आराबेस्क पॉइंटवर, म्हणजे बोटांच्या टोकावर, नाही, सपाट पायावर, आधाराचा गुडघा वाकवून. मग मागचा पाय खाली, पुढे तांदू, म्हणजे पाय जमिनीलगत ताणलेला, पाठ मागे झुकवून हात वर, दोन पावलं, आणि पुन्हा तेच. सपाट जमिनीवर हे कोणालाही जमतं. उतारावर पायाची बोटं खाली आणि टाच वर राहते, वजन आपोआप पुढे घसरतं, आणि गुडघा वाकवला की ते सगळं गुडघ्याच्या वाटीखाली आणि घोट्यावर येतं. घाबरलेली मुलगी टाचेवर मागे बसते. मग कंबर मोडते, मागचा पाय खाली येतो, तो वर राखायला ती आधाराच्या पायाची कमान आत पाडते. कमान पडली की गुडघा आत, आणि घोटा

बघ, आलाच. खोडत नाही, शाईचं पेन आहे.

तेव्हा फक्त पावलांचं सांगते. करंगळीच्या मुळाशी, अंगठ्याच्या मुळाशी आणि टाचेवर, तिन्ही ठिकाणी जमीन लागली पाहिजे. पाय नव्वद अंशाच्या वर नेऊ नकोस. तुझा जातो, मला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. पण या अंकात सगळ्यात वर गेलेला पाय हाच चुकलेला पाय. पुढचीच्या मानेकडे नजर ठेव, पायांकडे नको; पायांकडे बघणारी मुलगी अर्धी मात्रा उशिरा पोचते आणि तिच्या मागे खिंडार पडतं. शूज अगदी नवे नकोत. कडक तळ उतारावर झोपाळ्यासारखा हलतो. अगदी मेलेलेही नकोत, कारण खाली रांगा लागल्यावर पाय बाजूला हळूहळू उचलून धरायचा असतो आणि तिथे मऊ तळ दगा देतो. दोन-तीन तालमी झालेला जोड ठेव. शूजच्या पुढच्या कडक डबीचं टोक जिन्याच्या पायरीवर आपटून घे, नाहीतर त्या शांततेत चोवीस खडावा चालल्यासारख्या वाजतील. बाहीला जोडलेली ओढणी तालमीतही लाव. हात वर नेताना ती कोपरात अडकते हे प्रयोगाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

हे सगळं तुला कोणीतरी सांगितलंच असेल. लेक्चर झालं, माफ कर.

गोष्टीकडे येते. भारताचं यात नावापुरतं आहे: फकीर, वाघाची शिकार, हुक्का, आणि देवळाच्या दारात मिंकुसचा वॉल्ट्झ. पण नावं नीट ऐक. राजाचं नाव दुगमंता, म्हणजे दुष्यंत. फकीर मागदावेया, म्हणजे कालिदासाचा विदूषक माधव्य. आणि गमझात्ती? शाकुंतलाच्या पाचव्या अंकात पडद्याआड गाणारी राणी हंसपदिका आठवते? 1858 मध्ये पॅरिसला शकुंतलेवर बॅले झाला. त्याची संहिता फ्रेंच लेखक तेओफिल गोतियेची आणि नृत्यरचना मारियुसच्या थोरल्या भावाची, ल्युसियाँ पेतिपाची. त्यात ती हंसाती झाली. रशियन लिपीत ‘ह’ नाही, त्याचा ‘ग’ होतो. हंसाती पीटर्सबर्गला पोचेपर्यंत गमझात्ती झाली आणि गाणारी बिचारी राणी सापाच्या परडीची मालकीण झाली. तुझ्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते अर्धा तास हसत होते.

‘बायादेर’ हा शब्द तर आपल्या दारातून गेलेला. गोव्यात पोर्तुगीज लोक देवळातल्या कलावंतिणींना ‘बायलादेइरा’ म्हणत, नाचणारी. तोच फ्रेंचांनी उचलला. पण खऱ्या बायादेर पॅरिसने पाहिल्या त्या 1838 मध्ये, पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवळातल्या पाच जणी आणि बरोबर तीन वादक. एका फ्रेंच माणसाने करार करून त्यांना जहाजावर चढवलं. तिल्लम्मा तिशीची. अमनी अठराची. रंगम चौदा, सुंदरम तेरा. आणि वेदम सहा वर्षांची.

सहा. तू सहाची होतीस तेव्हा शाळेच्या सहलीला सिंहगडावर पाठवताना

असो. राजवाड्यात नाचल्या, थिएटरात नाचल्या, वर्तमानपत्रांत त्यांच्यावर रकानेच्या रकाने आले. एका शिल्पकाराने अमनीची छोटी कांस्यमूर्ती घडवली. मग त्यांना लंडनला नेलं, अ‍ॅडेल्फी थिएटरमध्ये. ते स्ट्रँडवर आहे. आजची इमारत 1930 ची, पण जागा तीच. रविवारी तू त्या बाजूला जातेस ना? एकदा दारासमोर उभी राहा. फोटो पाठवू नकोस, नुसती उभी राहा.

गंमत अशी की पॅरिसच्या लोकांच्या मनात बायादेर आधीच ठरलेली होती. 1830 मध्ये बॅले नर्तकी मारी ताल्योनी ऑपेरात बायादेर झाली होती, पांढरी, तरंगणारी. खऱ्या आल्या तर त्यांचे पाय जमिनीला घट्ट धरून, डोळे आणि बोटं बोलणारी. काहींचा हिरमोड झाला. गोतिये मात्र अमनीवर लट्टू झाला, त्याने तिच्यावर पानंच्या पानं लिहिली. आणि हाच गोतिये तीन वर्षांनी, 1841 मध्ये, ‘जिझेल’ या बॅलेची संहिता लिहितो.

‘जिझेल’बद्दल थोडंच सांगते, तुला पाठ आहे. पण ते आलं कुठून ते ऐक. गोतियेने जर्मन कवी हाइन्रिख हाइनेच्या लेखनात विलींची दंतकथा वाचली: लग्नाआधी मेलेल्या नवऱ्या मध्यरात्री उठतात आणि भेटेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. शिवाय त्याच्या डोक्यात व्हिक्टर ह्यूगोची एक कविता होती, नाचावर फार प्रेम असलेल्या मुलीची. ती रात्रभर नाचून पहाटे थंडीत बाहेर येते, गारठते आणि मरते. दोन्ही जोडायला त्याला सेंट-जॉर्ज नावाच्या सराईत लेखकाची मदत लागली. नर्तकी कार्लोत्ता ग्रिसीसाठी लिहिलं आणि तिच्यावर गोतियेचा जीव होता, संसार मात्र त्याने तिच्या बहिणीशी केला.

आता ‘जिझेल’मधली आई बघ, बर्थ. सगळ्या गावात एकटी तीच सांगते: तुझं हृदय कमजोर आहे, नाचू नकोस. दोन्ही हात डोक्यावर फिरवते, म्हणजे नाच. मनगटं समोर एकमेकांवर ठेवून मुठी खाली, म्हणजे मरण. मग जमिनीतून हळूहळू वर येणारे हात, म्हणजे विली. पुष्कळ कंपन्यांनी हा मूकाभिनय कापला, कथानक थांबतं म्हणून. ब्रिटिश परंपरेत तो टिकला, तुला तिकडे बघायला मिळेल. कापला की ती नुसती कटकट करणारी म्हातारी उरते. ठेवला तर दुसऱ्या अंकातलं सगळं तिने आधीच सांगून ठेवलेलं असतं आणि कोणी ऐकलेलं नसतं. माझ्या वर्गातल्या मुली या जागी नेहमी हसायच्या. तूही हसायचीस.

मला बर्थ व्हायचं नाही. पण नलूमावशीने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. उजवा, बाहेरच्या बाजूने, मागच्या गुरुवारी, सुजला होता, आणि तू वर्गात कोणालाही सांगितलं नाहीस कारण तिसरीच्या जागेवर उभी राहायला चौघी टपलेल्या आहेत. मला हे कळतं. फार चांगलं कळतं. तरीही आता लिहितेच, एकदाच.

घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोटाने दाब, खालच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. मग आतल्या हाडावर तसंच. मग पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो त्याच्यावर, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर असलेल्या हाडावर. यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा लागलं तेव्हा आणि आत्ताही लागोपाठ चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. त्याच दिवशी. तालीम झाल्यावर नाही. हाडं शांत असली आणि दुखणं नुसतं पुढे-खाली मऊ भागात असलं तर स्नायुबंध ताणला आहे. ते बरं होतं, पण सूज उतरली म्हणजे बरं झालं असं नसतं. आधी जाते ती सूज, शेवटी परत येतो तो तोल. एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभी राहा, दुसऱ्या पायाशी ताडून बघ. गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच वीस वेळा उचल, वीसही एकसारख्या उंचीच्या. दोन्ही पायांत फरक असेल तर तो पाय अजून उतारासाठी नाही. बर्फाने आणि गोळीने फरक लपतो, मिटत नाही. गोळी घेऊन तालीम तर मुळीच नको, दुखणं हेच तर सांगत असतं की थांब.

निकियासमोर उतारा धरला होता, तो तिने घेतला नाही. तिथे ते बरोबर आहे, त्या ब्राह्मणाच्या हातून मीही घेतला नसता. तुझ्या तिथल्या फिजिओबाई ब्राह्मण नाहीत. त्यांच्याकडे जा.

आणि एक राहिलं, शेवट. मूळ शेवटच्या अंकात सोलोरच्या लग्नात देव कोपतो आणि देऊळ सगळ्यांच्या डोक्यावर कोसळतं. रशियात क्रांतीनंतर तो अंक गळला, आणि कितीतरी ठिकाणी गोष्ट सावल्यांपाशीच संपते: सोलोर आणि निकिया पुन्हा एकत्र, सगळं माफ. ‘जिझेल’मध्येही तिला फसवणाऱ्या आल्ब्रेख्तला ती विलींपासून पहाटेपर्यंत वाचवते. मला हे कधी पटलं नाही. देऊळ कोसळायला हवं. 1980 साली नर्तकी नतालिया माकारोवाने न्यूयॉर्कला शेवटचा अंक परत बसवला तेव्हा ते पुन्हा कोसळायला लागलं. तुमच्याकडे बहुतेक नुसत्या शेड्स आहेत, म्हणजे तेही नाही.

फार लांबलं. भाजणी आणि मेतकूट पार्सलमध्ये घातलं आहे, आजीने लिंबाचं लोणचं वेगळ्या डब्यात दिलंय, झाकणाला चिकटपट्टी लावली आहे ती काढताना जपून. मंगळवारचं मी मनात ठेवलेलं नाही. तूही ठेवू नकोस. तुला तिथे एकटीला सगळं निभावताना बघते तेव्हा मला काय वाटतं ते या पत्रात नीट आलं नाही, पुढच्या पत्रात बघू.

तुझी,
आई

ता. क. उतार प्रेक्षकांच्या डाव्या हाताने येतो की उजव्या? म्हणजे आधाराला उजवा पाय किती वेळा येतो ते मला मोजता येईल.