जुलैत नको, जानेवारीत ये

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पुढच्या जुलैत फ्रान्सला येतो, आमच्या प्रोव्हान्समधली लव्हेंडरची शेतं बघायची आहेत म्हणतोस. ये की, घर तुझंच आहे. पण माझं ऐकशील तर जुलैपर्यंत थांबूच नकोस. यंदा डिसेंबरात सेमिस्टर संपली की निघ आणि जानेवारीचे दोन-तीन आठवडे तरी राहा. फोनवर हा विषय काढला की तू "अगं, पण थंडीत तिथे आहे काय?" म्हणतोस आणि बाबा मध्येच पिठल्याचं काहीतरी सांगायला लागतात, म्हणून लिहूनच काढतेय.

जुलैत काय असतं ते आधी ऐक. वालांसोलच्या पठारावर बसगाड्यांची रांग लागते. प्रत्येकाला तोच फोटो हवा असतो: पांढरा झगा, गवती टोपी, मागे जांभळ्या ओळी. रस्त्याच्या कडेला गाडी लावायला जागा नसते, आणि महिन्याच्या मध्याला यंत्रं येऊन कापणी सुरू करतात. तू उशिरा पोचलास तर नुसती खुंटं बघशील. शिवाय तिथलं बरंचसं पीक लव्हांदँचं, म्हणजे संकरित जातीचं. त्याचं तेल जास्त निघतं आणि साबणात, कपडे धुवायच्या पावडरीत जातं. तेव्हा फार काव्य करू नये.

खरं कारण वेगळंच आहे. उन्हाळ्यात या गावात आम्हीही पाहुण्यांतच मोजले जातो. बेकरीवाली आमचा चेहरा बघून इंग्रजीत सुरू होते. नोव्हेंबर लागला की पॅरिसवाल्यांची, बेल्जियमवाल्यांची घरं बंद होतात, गल्लीत तीनपैकी एका खिडकीत दिवा दिसतो, आणि उरलेल्या माणसांना एकमेकांशी बोलण्यावाचून इलाज राहत नाही. तीच बेकरीवाली मग फ्रेंचमध्ये विचारते, मुलगा कधी येतोय. माझ्या मोडक्या फ्रेंचला सगळ्यात जास्त दाद जानेवारीतच मिळते, कारण लोकांकडे वेळ असतो.

थंडीचं म्हणशील, तर इथला हिवाळा म्हणजे राखाडी आभाळ आणि गुडघाभर बर्फ असं समजू नकोस. रात्री पारा शून्याखाली जातो, सकाळी गाडीची काच खरवडावी लागते, पण दहानंतर असं लख्ख ऊन पडतं की अंगणात बसून जेवता येतं. पिडा काय ती मिस्त्रालची. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडचा हा वारा सुटला की दोन-तीन दिवस घोंगावतो, आभाळ स्वच्छ पुसून काढतो आणि माणसाचं डोकं फिरवतो. जुन्या शेतघरांना उत्तरेच्या भिंतीत खिडक्या जवळजवळ नसतातच, त्याचं कारण हेच.

घर गरम ठेवायला लाकडाची शेगडी आहे. लाकूड स्तेरच्या मापाने येतं, म्हणजे मीटरभर लांब, रुंद आणि उंच रचलेला ढीग. ओक हवा, तोही दोन वर्षं वाळलेला. धुरांडं दरवर्षी साफ करून त्याचा दाखला जपून ठेवावा लागतो, नाहीतर उद्या आग लागली तर विमेवाले हात वर करायला मोकळे. बाबा ढीग इतका नीटनेटका रचतात की शेजारी थांबून बघतात. तू आलास की फोडायचं काम तुझ्याकडे.

सगळं गोड गोड नाही. पाच-साडेपाचला अंधार पडतो. दुपारी बारा ते तीन दुकानांना कुलूप. शेवटची बस संध्याकाळीच जाते. गावातले डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यामुळे साध्या खोकल्यालाही मानोस्क शहर गाठावं लागतं. जानेवारीतला रविवार तर कधी कधी अंगावर येतो. अशा वेळी बाबा चण्याच्या पिठाचं पिठलं टाकतात. फोरकाल्किएच्या सोमवारच्या बाजारात इथलंच काबुली चण्याचं पीठ मिळतं. त्याच बाजारात पेती एपोत्र नावाचा जुन्या जातीचा गहूही मिळतो. तो आपल्या खपलीचा चुलतभाऊ, आणि त्याची खीर खपलीपेक्षा उजवी होते, असं बाबांचं मत आहे. मला ते मान्य नाही.

काल आपल्याकडे घट बसले. गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या आजी अंडी घेऊन आल्या होत्या. कोपऱ्यातल्या मातीतले कोवळे कोंब बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोन महिने लवकर पेरलंत!" मला वाटलं, मला नीट कळलं नसेल. मग त्यांनी समजावलं. इथे ४ डिसेंबरला, सेंट बार्बच्या दिवशी, तीन बशांमध्ये ओल्या कापसावर गहू पेरतात. नाताळपर्यंत कोंब दाट, हिरवेगार आणि सरळ आले की येणारं वर्ष चांगलं जाणार. मग त्यांना लाल रिबीन बांधून नाताळच्या टेबलावर मांडतात. यंदा घटासाठीचे गहू आजींनीच आणून दिलेत, आणि ४ डिसेंबरला बशा घेऊन त्यांच्याकडे जायचं हे आधीच ठरलंय.

त्यांच्याकडचं २४ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण तू एकदा बघायलाच हवंस. मध्यरात्रीच्या प्रार्थनेआधीचं, म्हणून त्यात मांस नसतं. टेबलावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी, तीन मेणबत्त्या, आणि अचानक दारात येणाऱ्या गरिबासाठी एक जादा ताट. सात साधे पदार्थ: पालक, चार्ड, सेलरी असलं काय काय, आणि खारवलेला कॉड मासा. बाबा मासा सोडून सगळं हाणतात. मग तेरा गोड पदार्थ. घाबरू नकोस, त्यांतले चार म्हणजे सुके अंजीर, मनुका, बदाम आणि अक्रोड. भिक्षा मागून राहणारे जे चार ख्रिस्ती पंथ होते, त्यांच्या झग्यांच्या रंगांवरून ही चौकडी ठरलीय म्हणतात. बाकी खजूर, संत्री, काळा आणि पांढरा नुगा, एक्स शहराचे बदामी कालिसों, क्विन्सच्या फळाची वडी. मधोमध ऑलिव्ह तेलातला गोड पाव. त्याला सुरी लावायची नाही, हातानेच तोडायचा. सुरी लावली तर वर्ष कफल्लक जातं. जेवण झाल्यावर टेबल आवरत नाहीत. सांडलेले कण रात्री पितरांसाठी असतात. आजींनी हे अगदी सहज सांगितलं, आणि मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

नाताळ ते नवीन वर्ष आमची साइट बंद असते, म्हणजे मी मोकळी. (तुझे मित्र विचारतात ना, आई तिथे नक्की करते काय? त्यांना सांग, सात भागीदारांनी मिळून सूर्यासारखी संलयनाची भट्टी उभारायला घेतलीय, तिचं नाव इटर, आणि तिच्याभोवतीचा तीस मीटर उंचीचा स्टीलचा क्रायोस्टॅट, म्हणजे आतली थंडी राखणारं निर्वात कवच, आपल्या हजीऱ्यात बनून तुकड्या-तुकड्यांनी समुद्रमार्गे इथे आला. बाकी आल्यावर सांगेन.)

फिरायचं म्हणशील, तर पहिला शनिवार रिशरांशचा. इथून गाडीने दोनेक तास. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत दर शनिवारी सकाळी तिथे काळ्या ट्रफलचा बाजार भरतो. ट्रफल म्हणजे ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी बुरशी. ती शोधायला पूर्वी डुकरं नेत, आता कुत्री नेतात, कारण डुक्कर सापडलेलं खाऊन टाकतं. बाजाराचे दोन भाग. एका बाजूला किरकोळ टेबलं, तुझ्या-माझ्यासाठी. दुसरीकडे घाऊक, आणि खरी गंमत तिथे. गाड्यांच्या डिक्या अर्ध्या उघड्या, आत गोणपाटाच्या पिशव्या. दलाल येतो, वाकतो, वास घेतो, दोन शब्द पुटपुटतो. नोटा कधी निघाल्या आणि डिकी कधी बंद झाली, कळतही नाही. मोठ्याने कोणी बोलत नाही.

आम्ही किरकोळ बाजूला सुपारीएवढा एक घेतला. विकणाऱ्या बाईने छोट्या चाकूने त्याचा टवका उडवून आतला भाग दाखवला: काळाभोर, त्यात पांढऱ्या नाजूक रेषा. रेषा नसतील तर घेऊ नका म्हणाली. घरी येऊन झाकणाच्या बरणीत अंड्यांसोबत ठेवायचा. दोन दिवसांत वास कवचातून आत शिरतो आणि ट्रफल न घालताच ऑम्लेटला त्याची चव येते. बाबांनी हुशारी करून बरणीत आंबेमोहोरही घातला. भाताचा स्वतःचा वास पार मेला आणि बाबा दोन दिवस घुश्शात होते. मला विचारशील तर ट्रफलचं कौतुक जरा जास्तच होतं. बाजाराचं मात्र कमीच होतं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तिथल्या चर्चमध्ये ट्रफलची प्रार्थना असते. दानाच्या टोपलीत लोक पैशांऐवजी ट्रफल टाकतात, मग त्यांचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. तो रविवार धरूनच तुझं परतीचं तिकीट काढ.

दुसरं ठिकाण दीन्य, आणि ते तुझ्यासाठी राखून ठेवलंय. अलेक्झांड्रा दाविद-नील नावाच्या फ्रेंच प्रवासी बाईंचं घर आहे तिथे. १९२४ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, भिकारी यात्रेकरूचा वेश घेऊन त्या तिबेटातल्या ल्हासात शिरल्या. परक्यांना तेव्हा तिथे मज्जाव होता. बरोबर त्यांचा सिक्कीमचा दत्तक मुलगा योंगदेन. पुढे १९२८ मध्ये त्यांनी दीन्यमध्ये घर घेतलं, त्याला साम्तेन झोंग असं तिबेटी नाव दिलं, आणि १९६९ मध्ये एकशे एकावं वर्ष पुरं व्हायला थोडे आठवडे असताना तिथेच गेल्या. शंभरी गाठल्यावर त्यांनी पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतलं होतं. माझं इथलं राहण्याचं कार्ड नवीन करताना कागदांसाठी खेपा घालून वैतागले की मी त्यांची आठवण काढते. १९७३ मध्ये त्यांच्या आणि योंगदेनच्या अस्थी वाराणसीला नेऊन गंगेत सोडल्या. घर लहानसं आहे, पण दुपार तिथे कशी जाते कळत नाही.

दीन्यहूनच नीसला जाणारी मीटरगेज गाडी सुटते, १५१ किलोमीटर, डोंगर पोखरत, व्हार नदीच्या काठाने. मधल्या आंत्रव्होला उतर. खाली तटबंदीतलं गाव, वर टोकावर किल्ला, आणि दोघांना जोडणारी नागमोडी भिंतबंद वाट. सह्याद्रीत भटकलेल्या मुलाला वेगळं सांगायला नको. नीसला पोचलास की सोका खा. मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं चण्याच्या पिठाचं धिरडंच ते. बाबा त्यात मिरचीची उणीव काढतात.

बाकी थोडक्यात. कामार्गच्या दलदलीत रोहित पक्षी आहेत, भिगवणला लांबून पाहिलेस तेच, इथे वीस-तीस पावलांवर, आणि हिवाळ्यात त्यांचे प्रेमाचे नाच चालू असतात. जानेवारीअखेर तानेरोंच्या टेकड्या मिमोसाने पिवळ्या होतात. ती मूळची ऑस्ट्रेलियातली, आपल्या बाभळीच्याच घराण्यातली. रिएच्या वेशीबाहेर रोमन देवळाचे चार खांब कुंपणाच्या आत उभे असतात, आजूबाजूला चिटपाखरू नसतं. व्हेर्दोंच्या घळीवरचा वरचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, त्याचा हट्ट धरू नकोस. आणि मार्सेय तर नेणारच. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी आठवते, आणि आजोबांनी बंदराच्या फोटोची ऑर्डर मला आधीच देऊन ठेवलीय.

आता कामाचं. व्हिसासाठी मला गावच्या मेरीतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, तू आमच्याकडे राहणार असल्याचा दाखला काढावा लागतो. त्याला सरकारी शुल्काचं तिकीट लागतं आणि तुझ्या नेमक्या तारखा व पासपोर्टवरचा तपशील. मूळ कागद मी कुरियरने पाठवते, स्कॅनवर भागत नाही. तोवर अपॉइंटमेंट घेऊन टाक. अर्ज दिल्यावर साधारण पंधरा दिवस धर, पण डिसेंबरात गर्दी असते.

सामानात गोडा मसाला, कोकम, मेतकूट आण. बाकरवडी चालेल. पेढे, खवा, तूप अजिबात नको, दूधदुभतं आणि मांस बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे. आजी आग्रह करेल, तिला हेच सांग. थर्मल तिकडून घेऊ नकोस, इथे स्वस्त आणि चांगले मिळतात. बूट मात्र तुझे ट्रेकचेच आण. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च इथल्या डोंगराळ भागात गाडीला हिवाळी टायर किंवा डिकीत साखळ्या लागतात, त्याची सोय बाबांनी केलीय. रानात जाताना अंगावर नारिंगी जाकीट असेल, कारण हिवाळ्यात रानडुकरांची शिकार चालते. तुझ्या मापाचं एक घेऊन ठेवलंय.

तारखा आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो या रविवारपर्यंत पाठव. मेरी आमच्याकडे मंगळवारी आणि गुरुवारी सकाळीच उघडी असते.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, येताना कोयता आण. मी नको म्हटलंय.