नाताळच्या गोष्टीतलं खरं लेकरू

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत नाताळच्या गोष्टींवर लेख आला होता, त्यात म्हटलंय की सगळ्या एकाच साच्यातल्या, एक आजारी पोर, त्याची भोळी प्रार्थना आणि २४ तारखेच्या रात्री कुणीतरी खडूस माणूस विरघळतो. हल्लीच्या इंग्रजी ख्रिसमस नॉव्हेल्सबद्दल म्हणाल तर मान्य, पोरगं नुसतं रडवायला आणलेलं असतं. पण त्याच ढिगात इंग्रज लेखक डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' पण टाकलंय, ते काही पटलं नाही.

त्यातलं आजारी पोर टायनी टिम, तो खडूस शेठ स्क्रूजला उपदेश कुठे करतो? चर्चमधून येताना तो बापाला एवढंच म्हणतो की लोकांनी मला बघितलं असेल तर बरंच, मी लंगडा आहे ना, लंगड्याला चालवणारा आणि आंधळ्याला दृष्टी देणारा कोण ते त्यांना नाताळात आठवेल. बस. खरं लेकरू तर स्क्रूज होतो, रात्रीत विरघळलेला, नाताळच्या सकाळी उठून तोच म्हणतो की मला काही कळत नाही, मी अगदी तान्हं बाळ झालोय आणि तेच बरंय! आणि मग लगेच खिशात हात, टिमच्या घरी टर्की पाठवतो, आदल्या दिवशी हाकललेला गरिबांसाठीचा वर्गणीवाला रस्त्यात दिसल्यावर त्याच्या कानात आकडा सांगतो, वर म्हणतो यात मागची बरीच बाकी पण धरलीय. दुसऱ्या दिवशी टिमच्या बापाचा, म्हणजे आपल्याच कारकुनाचा, पगार वाढवतो, आठवड्याला १५ शिलिंग फक्त होता तो.

आम्ही वसईची चर्चला जाणारी माणसं, मला इथे लूकच्या शुभवर्तमानातला जक्कयच दिसतो. एवढा श्रीमंत जकातदार, पण बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून पोरासारखा उंबरावर चढला, आणि खाली उतरून अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. लेखात नेमका हा हिशोबाचा भागच गायब आहे, म्हणून सगळं गुळमट वाटतं.

आणि डिकन्सने हे हवेतून नाही लिहिलं, १८४३ साली कारखान्यांत राबणाऱ्या पोरांचा सरकारी रिपोर्ट वाचून आणि लंडनमधली गरीब पोरांची शाळा बघून तो भडकला होता, त्याच डिसेंबरात पुस्तक बाहेर.

पुढच्या नाताळला पुरवणीत गोष्ट छापणार असाल तर पोर रडतं अशी नको, शेठ नोकराचा पगार वाढवतो अशी एखादी छापा की.

एक वाचक, वसई