टॅबलेटच्या आधी बालसखीचं मानधन द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शिक्षणात काम करणाऱ्या सामाजिक उद्योजकांवर जो मोठा लेख आला तो मी इथे बडोद्यात बसून मोबाईलवर दोनदा वाचला. लेख चांगला होता, पण त्यात संस्थापक कोण, फंडिंग कुणी दिलं, ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हे सगळं आलं आणि पोराच्या शेजारी बसून त्याला वाचायला कोण शिकवतं, त्या मुलीला, म्हणजे बालसखीला, महिन्याला किती पैसे मिळतात, हे एका ओळीतही नाही. मला त्याबद्दलच लिहायचंय. पत्र लांबलं तर कापा, पण तेवढं राहू द्या.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दाहोदकडच्या. नवरा बांधकामावर, मोठी मुलगी म्युनिसिपालिटीच्या शाळेत पाचवीला. २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा ती आईबरोबर आमच्याकडे यायला लागली आणि ओट्यावर वही घेऊन बसायची. अक्षर इतकं सुंदर की मी बघतच राहिले, फळ्यावरचं सगळं हुबेहूब उतरवलेलं, पानंच्या पानं भरलेली. मी म्हटलं, बेटा जरा वाच बघू हे. तर गप्प. मला वाटलं लाजतेय. दोन दिवसांनी कळलं की तिला त्यातलं काही म्हणजे काहीच वाचता येत नव्हतं, पाच वर्षं ती फळ्याचं चित्र काढत होती आणि वही नीटनेटकी म्हणून कुणाला शंकाही आली नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी गुजराती पहिलीचं पुस्तक आणलं आणि ग, म, न, ज पासून सुरुवात केली, गमन, मगन, गगन. मी काही शिक्षिका नाही, बँकेत नोकरी केली आणि रिटायर झाले. पण रोज दीड तास बसलो आणि चौथ्या महिन्यात ती नाक्यावरून ओरडत आली, आंटी, बसवर पाणीगेट लिहिलंय! पुढे होळीला ते सगळे गावी गेले ते दीड महिन्यानी आले आणि बरंचसं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, हे पण सांगायला हवं.

आता मुद्द्याचं. हे जे मी अंदाजानी केलं ते आमच्याच शहरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नीट करून आणि मोजून झालेलं आहे आणि बडोदेकरांनाच ते माहीत नाही! माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमधून ‘प्रथम’ नावाची शिक्षणातली संस्था सुरू केली, तिचाच बालसखी नावाचा कार्यक्रम होता. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी घ्यायची, थोडं ट्रेनिंग द्यायचं आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० पोरं रोज दोन तास तिच्याकडे द्यायची. तिनं त्यांना त्या इयत्तेचं पुस्तक शिकवायचं नाही, पोर जिथे अडलंय तिथून सुरू करायचं, अक्षरावर तर अक्षर, शब्दावर तर शब्द. २००१ ते २००३ मधे मुंबई आणि बडोद्याच्या म्युनिसिपल शाळांमधे अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी हे तपासलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडून, काहींना तिसरीसाठी बालसखी दिली आणि काहींना चौथीसाठी. मार्क वाढले आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्या पोरांचे. पुढे २०१९ ला या दोघांना मायकेल क्रेमरबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या, पण त्या शाळांमधे बसलेल्या मुलींबद्दल कुणी लिहिलं नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला तर अजून महत्त्वाची वाटते. सरकारनं बडोद्याच्या १०० म्युनिसिपल शाळांना चार-चार कॉम्प्युटर दिलेले होते, पण लहान वर्गांसाठी ते फारसे वापरातच नव्हते. प्रथमनं तिथे शिकवणारी माणसं नेमली, एका कॉम्प्युटरवर दोन पोरं, आठवड्याला दोन तास, चौथीच्या गणिताचे खेळ, आणि गणिताचे मार्क छान वाढले. म्हणजे मशीनला माझा अजिबात विरोध नाही. तीच मशीन आधी पडून होती आणि जवळ माणूस बसल्यावर कामाला आली, एवढंच म्हणतेय. आणि खर्च बघाल तर बालसखीचा पोरामागे खर्च कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी कमी होता. मात्र कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर फायदा बराच ओसरला हेही त्याच अभ्यासात आहे, म्हणून हे दरवर्षी चालू राहायला पाहिजे, एक वर्ष फोटो काढून बंद करायचं काम नाही हे.

आमच्या जवळच्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं टॅबलेट दिले, नाव घेत नाही, हेतू चांगलाच होता. पहिलं वर्ष त्यांची मुलगी यायची तोपर्यंत पोरं रांगा लावायची, मग तिचं मानधन बंद झालं आणि ती एका दुकानात कामाला लागली. टॅबलेट कपाटात आहेत. ती मुलगी मला अजून भेटते, म्हणते आंटी मला शिकवायला आवडायचं, पण रिक्षाचे पैसे तरी सुटायला हवेत ना.

मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधे तिसरीच्या १०० पैकी जेमतेम २३ मुलांना दुसरीचा धडा वाचता येत होता. आणि हे २०२२ पेक्षा सुधारलेलं आहे बरं का. शहराची गोष्ट वेगळी असेल, पण आमच्या ओट्यावर येणारी पोरं बघून मला काही फार वेगळी वाटत नाही.

माणसाशिवाय काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी दूरदर्शनवर ‘चित्रगीत’ या गाण्यांच्या कार्यक्रमात गुजराती गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायला १९९९ ला सुरुवात केली, जो शब्द गायला जाईल त्याचा रंग बदलायचा. माझ्या सासूबाई लग्न होऊन कोल्हापूरकडून आलेल्या, मराठी उत्तम वाचायच्या, पण शिरोरेघ नसलेली गुजराती अक्षरं त्यांना चाळीस वर्षं परकी होती, ती त्यांना गाणी बघता बघता ओळखीची झाली. पण त्यांना वाचणं म्हणजे काय हे आधीच येत होतं. ज्या पोराला कुठलीच लिपी येत नाही त्याला शेजारी कुणीतरी लागतं.

सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ ला सगळ्या राज्यात नेलं, हे आम्ही बडोद्याची मराठी माणसं प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. मला सांगायचंय ते असं की महाराजांनी त्यासाठी राज्याची तिजोरी उघडली होती, शिक्षकाला पगार दिला होता. आज मकरपुरा, नंदेसरीच्या मोठ्या कंपन्यांना कायद्यानं नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, शिक्षण त्यात बसतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की वस्तू देण्याआधी एका मुलीचं तीन वर्षांचं मानधन बाजूला काढा. आणि आपल्या मराठी मंडळांचे हॉल दुपारी कुलूप लावून असतात ते उघडा.

तुम्ही पुढचा लेख कराल तेव्हा अशा शिकवणाऱ्या मुलींना शोधून त्यांच्याशी बोला ही विनंती. आमच्याकडे सध्या सात पोरं येतात, दुपारी दोन ते चार, पुढच्या खोलीत. वाड्यातली चार घरं मिळून बारावी झालेल्या एका मुलीला मानधन देतो, अजून एक मुलगी मिळाली तर आणखी दहा पोरं घेता येतील, खोलीत जागा आहे.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा