नापासांना उत्तरपत्रिका दाखवा

दहावी-बारावीचा निकाल लागला की गुणवंतांचे फोटो झळकतात आणि नापास झालेल्यांना ‘खचू नका, अपयश ही यशाची पहिली पायरी’ असा धीर दिला जातो. पण नेमके कुठे चुकले, हे त्यांना कोण दाखवते?

७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ लँडर चंद्रावर आदळल्यावर ‘इस्रो’ने नुसता धीर धरला नाही, उतरतानाची सगळी माहिती बारकाईने तपासली. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला होता आणि उतरण्यासाठी ठरवलेली जागा अवघी ५०० मीटर लांब-रुंद होती. चांद्रयान-३ साठी ती सुमारे ४ बाय अडीच किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले. २३ ऑगस्ट २०२३ ला यान अलगद उतरले.

आपल्याकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत हवी तर अर्ज करा, शुल्क भरा. मजुरी करणाऱ्या घरातला मुलगा या फंदात पडत नाही. पुरवणी परीक्षेत तीच चूक पुन्हा करतो. मंडळाने नापास विद्यार्थ्यांना तरी छायाप्रत मोफत द्यावी आणि विषयशिक्षकांनी ती त्यांच्याशेजारी बसून तपासावी. पुरवणी परीक्षेआधी एवढे नक्कीच करता येईल.

– एक शिक्षिका, सातारा